स्मोकी माउंटन्समध्ये हिवाळी बॅकपॅकिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थँक्सगिव्हिंग उलटलं की अटलांटा, शार्लट, रॅली, नॅशव्हिलकडची मराठी मंडळी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारायला लागतात: लाँग वीकेंडला पाठीवर सॅक टाकून बर्फात एक-दोन रात्री राहता येईल का? ही उत्तरं त्यांच्यासाठी. भर ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कवर आहे. शेवटी रोन हायलँड्स आणि व्हर्जिनियाचाही उल्लेख येईल. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, कारण बरीच उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत. शुल्क आणि नियम २०२३ नंतरचे आहेत, तरी निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकाच.

१. दक्षिणेत कसला आलाय बर्फ? अटलांटात तर अर्धा इंच पडला तरी शाळा बंद होतात.

अटलांटा हजार फुटांवर आहे, स्मोकीचा माथा साडेसहा हजारांवर. कुवोही (पूर्वीचा क्लिंगमन्स डोम, चेरोकी नाव सप्टेंबर २०२४ मध्ये परत मिळालं) ६,६४३ फूट, माउंट लकॉन्ट ६,५९३ फूट. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या न्यूफाउंड गॅप या खिंडीत वर्षाला सरासरी ६९ इंच बर्फ पडतो. पायथ्याच्या गावांत मात्र इंचभर बर्फ हिवाळ्यात एक ते पाच वेळाच. म्हणजे गॅटलिनबर्गमध्ये लोक जॅकेट उघडं टाकून फज खात फिरत असतात, आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या ड्राइव्हवर खिंडीत गाड्या घसरत असतात.

हा बर्फ बराचसा वायव्येकडून येतो. थंडीची लाट सरकून गेल्यावर ग्रेट लेक्सच्या बाजूची ओल घेऊन आलेले वारे या डोंगरांवर चढतात आणि ती ओल इथे टाकतात. त्यामुळे वादळ संपलं, आता ऊन पडेल, असं वाटतं त्याच वेळी टेनेसीच्या बाजूला हिमवृष्टी चालू राहते.

टोकाचे आकडेही लक्षात असू द्या. शेजारच्या माउंट मिचेलवर (६,६८४ फूट, मिसिसिपीच्या पूर्वेला सर्वांत उंच) २१ जानेवारी १९८५ ला पारा उणे ३४ फॅरनहाइटवर, म्हणजे सेल्सिअसमध्ये जवळजवळ उणे ३७ वर गेला होता. मार्च १९९३ च्या महावादळात लकॉन्टवर ५६ इंच बर्फ पडला आणि मिशिगनहून आलेला शाळेचा मोठा गट स्मोकीच्या जंगलात अडकला.

२. कोणता महिना धरावा?

बर्फच बघायचा असेल तर मध्य जानेवारी ते फेब्रुवारी. डिसेंबरात थंडी असते, बर्फाची खात्री नसते. मार्चला वसंत समजू नका. १९९३ चं वादळ १२ ते १४ मार्चचं होतं. कुवोहीचा रस्ता १ डिसेंबर ते ३१ मार्च गाड्यांना बंद असतो. लकॉन्टवरचं लॉजही नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चच्या मध्यापर्यंत बंद असतं, तेव्हा वर गरम कॉफी मिळेल या हिशेबाने चढू नका.

३. सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत, हिमालयातही एक स्नो ट्रेक झालाय. हे जमेल ना?

पाय तयार असतील, त्यात शंका नाही. चढ हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारखे अंगावर येणारेही नाहीत. फरक वेगळ्या ठिकाणी आहे. हिमालयातल्या ठरवून दिलेल्या ट्रेकला तंबू कुणी तरी आधीच लावलेला असतो, संध्याकाळी हातात सूप येतं, पुढे वाट दाखवणारा असतो आणि हवामान बिघडलं तर परत फिरायचा निर्णय तोच घेतो. सह्याद्रीत वर टपरी नसली तरी खाली वाडी असते. इथे यातलं काहीच नाही. तंबू, स्वयंपाक, वाट, निर्णय सगळं तुमचंच; आणि हिवाळ्याच्या आडवारी दिवसभरात एकही माणूस न भेटणं सहज शक्य आहे.

म्हणून पहिली रात्र गाडीपासून लांब काढू नका. स्मोकमाँट आणि केड्स कोव्ह ही कॅम्पग्राउंड्स वर्षभर उघडी असतात. जानेवारीतल्या एखाद्या शनिवारी तिथे गाडीशेजारी तंबू लावून झोपा. थंडी सोसली नाही तर हीटर दहा पावलांवर आहे. त्या रात्री जे काही चुकेल त्याची यादी करा. तीच तुमची खरी पॅकिंग लिस्ट.

४. परवाना लागतो का? किती पैसे पडतात?

पार्कमध्ये गाडीच्या कॅम्पग्राउंडबाहेर कुठेही रात्र काढायची तर बॅककंट्री परवाना लागतोच, वर्षाचे बाराही महिने. माणशी एका रात्रीचे ८ डॉलर, आणि एका सहलीचे माणशी जास्तीत जास्त ४०. आरक्षण ऑनलाइन, ३० दिवस आधी खुलं होतं. कोणत्या रात्री नेमक्या कोणत्या शेल्टरमध्ये किंवा कोणत्या क्रमांकाच्या जागेवर राहणार, हे आधीच ठरवावं लागतं. चालत जाऊ, आवडेल तिथे थांबू, हा प्रकार इथे नाही. परवाना छापून जवळ ठेवा.

मंडळातून पंधरा जण निघणार असतील तर थांबा. बहुतेक ठिकाणी एका गटात आठच जण चालतात. तेच पंधरा जण दोन परवाने काढून एकाच जागी जमले तर नियमाचा हेतूच मारला जातो. दोन गट करा आणि वेगवेगळ्या मार्गांना लावा. खरं सांगायचं तर हिवाळ्यात चारच्या वर माणसं नकोतच. जितकी माणसं जास्त तितकं उभं राहून वाट बघणं जास्त, आणि उभ्याउभ्याच माणूस गारठतो.

५. नॅशनल पार्कचा वार्षिक पास आहे. तो चालेल?

नाही. स्मोकीत प्रवेशशुल्कच नाही. टेनेसीने न्यूफाउंड गॅपचा रस्ता केंद्राच्या हवाली करताना टोल न लावण्याची अट घातली होती, ती आजही पाळली जाते. मात्र मार्च २०२३ पासून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गाडी उभी करायची तर पार्किंग टॅग लागतो: दिवसाचा ५, आठवड्याचा १५, वर्षाचा ४० डॉलर. ‘अमेरिका द ब्यूटिफुल’ पास त्याऐवजी चालत नाही. टॅग माणसाचा नसून गाडीचा असतो. दोन गाड्या नेल्या तर दोन टॅग.

६. शेल्टर म्हणजे नक्की काय? दार असतं का?

दार नसतं. दगडाच्या किंवा लाकडाच्या तीन भिंती, वर छप्पर, समोरची बाजू उघडी, आत झोपायला फळ्यांचे माळे. साधारण बारा जणांची सोय. बहुतेक ठिकाणी शेकोटीची जागा असते. लकॉन्टचं शेल्टर त्याला अपवाद, तिथे आग पेटवायला बंदी आहे. शेल्टर पाऊस अडवतं, थंडी अडवत नाही. वारा उलटा फिरला की बर्फाची भुकटी थेट उशाशी येते. झोपण्याची तयारी उघड्यावर झोपणार असल्यासारखीच ठेवा (प्रश्न १३).

एका शेल्टरमध्ये सलग दोन रात्री राहता येत नाही. शेजारी तंबू लावायलाही आपल्याला परवानगी नाही. ती सवलत फक्त ॲपलेशियन ट्रेल (जॉर्जियापासून मेनपर्यंतची लांब पायवाट) सलग चालणाऱ्यांना, तीही शेल्टर भरलं असेल तरच. आणि हो, उंदीर असतात. सॅकच्या खिशात चिक्कीचा तुकडा राहिला तर सकाळी खिशाला भोक सापडेल.

७. आम्हाला तंबूच हवा. मग?

मग क्रमांक दिलेल्या बॅककंट्री जागा घ्या. एका जागी सलग तीन रात्रीपर्यंत राहता येतं. यातल्या बऱ्याच जागा खालच्या उंचीवर, ओढ्याकाठी आहेत. नवख्यांना मी शेल्टरपेक्षा तंबूच सुचवतो: आत वारा येत नाही आणि शेजारच्याचं घोरणंही जरा लांब राहतं. फक्त वरची हवा खेळती ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ आतून गोठते आणि पहाटे तोंडावर पडते.

८. पहिल्यांदा जातोय. दोन रात्रींसाठी नेमका कुठला मार्ग घेऊ?

डीप क्रीक. ब्रायसन सिटीजवळ, सुरुवात अठराशे फुटांच्या आसपास. वाट ओढ्याच्या कडेने जाते, सुरुवातीलाच धबधबे आहेत, आणि ६० पासून वर ५७ पर्यंत बॅककंट्री जागा ओळीने लागतात. ५७ क्रमांकाची ब्रायसन प्लेस सहा मैलांच्या आसपास. दोन्ही रात्री तिथेच काढा आणि मधला दिवस मोकळ्या पाठीने भटका. अटलांटाहून तीन-सव्वातीन तासांत पोचता येतं आणि न्यूफाउंड गॅपचा रस्ता लागतच नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. बर्फ मिळेलच असं नाही. ‘मग काय उपयोग’ असं म्हणणाऱ्यांनी प्रश्न ११ वाचावा.

एक रात्र निभावली, सामानावर भरवसा बसला, की न्यूफाउंड गॅपपासून ॲपलेशियन ट्रेलवर आइसवॉटर स्प्रिंग शेल्टर. अंतर जेमतेम तीन मैल, तिथून मैलभरावर चार्लीज बनियनचा उघडा कातळ. तीन मैल ऐकून हसू नका. वाटेचे जे पट्टे उत्तरेच्या सावलीत आहेत तिथे पायाखाली दाबला गेलेला बर्फ काचेसारखा कठीण होतो आणि आठवडाभर तसाच राहतो.

ॲलम केव्ह ट्रेलने लकॉन्ट ही तिसरी पायरी. पाच मैल, चढ पावणेतीन हजार फूट. आर्च रॉकच्या पोटातून जाणाऱ्या पायऱ्यांवर बर्फाचा थर असतो. मग ॲलम केव्हच्या कपारीखाली वरून लोंबणारे हिमसुळके दुपारच्या उन्हात सुटून खाली पडतात. फोटोसाठी त्यांच्याखाली उभं राहू नका. त्याच्या वर अरुंद कड्यांवर पोलादी दोर ठोकलेले आहेत. हिवाळ्यात ते दोर हातात धरायला लागतात, तेव्हा हातमोजे पकड येणारे हवेत. ही वाट सकाळी चढायची, अंधारात कधीच नाही.

९. न्यूफाउंड गॅपचा रस्ता बंद झाला तर?

तो बंद होणारच हे धरून चाला. बर्फ पडला की पार्कवाले अमेरिकन मार्ग ४४१ चा हा भाग बंद करतात. कधी साखळ्या किंवा फोर-व्हील ड्राइव्ह असेल तरच सोडतात. भाड्याच्या गाड्यांना साखळ्या लावायला बहुतेक कंपन्यांची मनाई असते, करार वाचून घ्या.

घरी असतानाच दोन योजना बनवा: एक वरची, एक खालची. गुरुवारी रात्री रस्त्यांची स्थिती आणि अंदाज बघून कोणती ते ठरवा. परवान्यातला बदल शुगरलँड्सच्या (गॅटलिनबर्गजवळचं पार्कचं व्हिजिटर सेंटर) बॅककंट्री ऑफिसला फोन करून विचारता येतो. एका बाजूने दुसऱ्या बाजूला वळसा घालायचा तर इंटरस्टेट ४० आठवतो. पण सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळात पिजन नदीच्या घळीतला त्याचा भाग वाहून गेला आणि मार्च २०२५ पासून तो एकेका लेनवर सुरू झाला, तेव्हा वेळ जास्तच धरा.

उलटाही प्रसंग येतो. तुम्ही वर शेल्टरमध्ये, गाडी खिंडीत, आणि रात्रीतून रस्ता बंद. म्हणून गाडीत पांघरूण, पाणी, खाणं आणि बर्फ खरवडायची पट्टी ठेवून जायचं, पेट्रोलची टाकीही भरलेली हवी.

१०. गॅटलिनबर्गचा अंदाज ३८ फॅरनहाइट दाखवतोय. वर किती असेल?

पायथा आणि माथा यांच्यात १० ते २० अंश फॅरनहाइटचा फरक नेहमीचा. ३८ मधून १५ वजा करा, वर वारा धरा. राष्ट्रीय हवामान सेवेच्या नकाशावर शहराच्या नावाऐवजी थेट डोंगराच्या बिंदूवर क्लिक केलं की त्या उंचीचा अंदाज मिळतो. तोच बघायचा. जानेवारीत वरच्या शेल्टर्समध्ये रात्री १० ते २० फॅरनहाइट (उणे १२ ते उणे ७ सेल्सिअस) ही साधी गोष्ट आहे. लाट आली की शून्य फॅरनहाइटच्याही खाली.

थर्मामीटर नसला तर ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं बघा, वाटेवर सगळीकडे आहेत. गोठणबिंदूच्या आसपास त्यांची लांबट पानं खाली लोंबतात, थंडी वाढेल तशी कडा आत वळतात. वीस फॅरनहाइटच्या खाली गेलं की प्रत्येक पानाची विडीसारखी घट्ट सुरळी होते. सकाळी तंबूतून डोकं बाहेर काढून ही पानं बघितली की कोणते हातमोजे घालायचे ते कळतं.

११. बर्फाची भीती वाटते. नेमका धोका कशाचा?

पावसाचा. हे मी सगळ्यांना सांगतो आणि कुणाला पटत नाही.

कोरड्या भुसभुशीत बर्फात, १५ फॅरनहाइटमध्ये, माणूस मजेत चालतो. बर्फ अंगावरून झटकता येतो, कपडे कोरडे राहतात. स्मोकीतली धोक्याची हवा म्हणजे ३४ ते ४० फॅरनहाइट (१ ते ४ सेल्सिअस), रिपरिप आणि वारा. या डोंगरांवर वर्षाला माथ्याकडे ८५ इंचांपर्यंत पाऊस-बर्फ मिळून पडतं, आणि हिवाळ्यात त्यातलं बरंच पाणी म्हणूनच. जॅकेट भिजतं, आतून घामाने आणखी भिजतं, मोजे चिंब होतात. संध्याकाळी आभाळ मोकळं होतं, पारा झपाट्याने १५ वर येतो आणि ते सगळं ओलं सामान गोठतं. रात्री कोरडं काही उरलेलं नसतं.

म्हणून नियोजनात ‘किती बर्फ’ हा आकडा दुसरा, ‘पाऊस आधी आणि थंडी नंतर, असा क्रम आहे का’ हा प्रश्न पहिला. अंदाजात शनिवारी दुपारी पाऊस आणि शनिवारी रात्री कडक थंडी असेल तर सहल पुढे ढकला. खालच्या उंचीवरही ढकला. भरपूर बर्फ आणि सलग थंडी असा अंदाज असेल, रस्ता उघडा असेल, तर जा.

शरीर गारठत चाललं की माणूस आधी थरथरतो, मग बोटं ऐकत नाहीत, झिप लावता येत नाही, अडखळतो, जीभ जड होते, चिडचिड करतो आणि ‘मी ठीक आहे’ म्हणतो. त्याच्या म्हणण्यावर जाऊ नका. ओले कपडे काढा, कोरडे घाला, मॅटवर बसवा, स्लीपिंग बॅगेत घाला. गिळता येत असेल तर गोड गरम पेय द्या, गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून छातीशी ठेवा. हातपाय चोळू नका. ब्रँडी अजिबात नको. थरथर थांबली आणि तरी तो गुंगीत असेल तर बरं वाटतंय असं समजू नका, परिस्थिती बिघडली आहे. मदत मागवा (प्रश्न १९).

१२. कपडे काय घ्यावेत?

सुती काहीही नाही. जीन्स नाही, सुती बनियन नाही, मंडळाचा टी-शर्ट तर नाहीच. अंगाला लागून लोकरी किंवा सिंथेटिक थर, वर फ्लीस, त्यावर पाऊस-वारा अडवणारं जॅकेट आणि पँट. थांबल्यावर घालायला एक जाड जॅकेट वेगळं. पिसांचं जॅकेट ओलं झालं की निकामी, म्हणून त्यासाठी जलरोधक पिशवी. हातमोज्यांचे दोन जोड, कारण एक भिजणारच. माकडटोपी घरी असेल तर आणा, तिच्यासारखी दुसरी सोय नाही.

निघताना थोडी थंडी वाजत असली पाहिजे. पार्किंगमध्ये उबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम फुटेल. झोपायचे मोजे आणि थर्मल्स एका वेगळ्या पिशवीत बांधा; ते फक्त झोपायचे, कितीही मोह झाला तरी चालताना घालायचे नाहीत. सकाळी ओले मोजे पुन्हा चढवणं हा या छंदातला सर्वांत नकोसा क्षण आहे, पण तो टाळला तर पुढची रात्र जाते.

१३. स्लीपिंग बॅगवर ‘२०’ लिहिलंय. पुरेल?

डीप क्रीकला बहुधा हो, लकॉन्टला नाही. तो २० आकडा बऱ्याचदा ‘लिमिट’चा असतो, म्हणजे अंग आखडून जेमतेम रात्र निघेल असा. ‘कम्फर्ट’चा आकडा त्याहून दहाएक अंश वरचा असतो आणि लेबलवर बारीक अक्षरात सापडतो. वरच्या भागासाठी शून्य फॅरनहाइटची बॅग घ्या. एका सहलीसाठी विकत घेण्याची गरज नाही. आउटडोअरची मोठी दुकानं आणि विद्यापीठांची केंद्रं भाड्याने देतात.

बॅगेहून जास्त लोक मॅटवर फसतात. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. मॅटची आर-व्हॅल्यू (थंडी अडवण्याची क्षमता सांगणारा आकडा) पाच किंवा वर हवी. फुगवायच्या मॅटखाली साधी फोमची मॅट टाकली तर दोन्हींच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, आणि फुगवायची फुटली तरी रात्र निघते.

१४. मायक्रोस्पाइक्स, क्रॅम्पॉन की स्नोशू?

मायक्रोस्पाइक्स (बुटांवर ताणून चढवायचे छोटे पोलादी दाते), आणि ते सॅकच्या तळाशी नव्हे तर वरच्या खिशात. क्रॅम्पॉनची (मोठ्या, टोकदार दात्यांची) इथल्या वाटांवर गरज पडत नाही. स्नोशू (बर्फात पाय रुतू न देणारे रुंद तळवे) मोठ्या हिमवृष्टीनंतरच कामाला येतात. काठ्या दोन घ्या. ओढे ओलांडतानाही लागतात. ओढ्यावर पूल नसेल आणि पाणी गुडघ्याच्या वर असेल तर परत फिरा. या पार्कमधल्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत वाहन अपघात आणि बुडणं ही दोन आहेत. अस्वलं त्या यादीत खूप खाली.

१५. गेल्या वेळी गॅस पेटेना. डबा तर भरलेला होता.

डब्यात काय होतं ते बघा. साधा ब्युटेन उणे ०.५ सेल्सिअसच्या खाली वायू व्हायला तयार नसतो, म्हणून स्वस्त डबे थंडीत भरलेले असूनही मुके राहतात. आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपासपर्यंत आणि प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. त्या दोघांचं मिश्रण असलेला डबा घ्या. रात्री तो स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा. पेटवताना खाली फोमचा तुकडा ठेवा. तंबूत स्टोव्ह लावू नका. आगीआधी कार्बन मोनॉक्साइड गाठतो. विमानाने येणाऱ्यांनी डबा इथेच विकत घ्यावा, सामानात कुठेही न्यायला परवानगी नाही.

१६. पाणी गोठतं का? फिल्टर चालतो?

झरे आणि ओढे बहुतेक वाहते असतात. फिल्टर मात्र धोका देतो. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा वापरून आतून ओला झाला आणि मग गोठला, की आतले तंतू फुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दिवसा तो आतल्या खिशात, रात्री बॅगेत. नाहीतर सरळ उकळा: एक मिनिट खळखळून, साडेसहा हजार फुटांच्या वर तीन मिनिटं. नळीने पाणी प्यायच्या पिशव्या घरी ठेवा, नळी पहिली गोठते. रुंद तोंडाची बाटली उलटी करून ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, बूच मोकळं राहतं.

१७. खायला काय न्यावं? भाकरी टिकेल?

टिकते, पण गोठते, आणि गोठलेली ज्वारीची भाकरी दातांनी तोडणं हे काम आहे. त्यापेक्षा मेथीचे ठेपले किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या; दुपारचा डबा कोटाच्या आत ठेवला तर मऊ राहतात. रात्रीला मेतकूट-भात सर्वांत सोपा: लवकर शिजणारा तांदूळ, मेतकूट, मीठ, आणि वरून हात सैल सोडून तूप. थंडीत तूप घट्ट होतं, म्हणून बाटलीत न भरता रुंद तोंडाच्या डबीत भरा आणि चमच्याने उकरून घ्या. पिठल्याचं पीठ घरीच भाजून, तिखट-मीठ-हिंग-जिरं घालून न्यायचं. उकळत्या पाण्यात पेरलं की पाच मिनिटांत होतं. सकाळी भाजलेल्या रव्याचा सांजा किंवा उपमा, दोन्हींत गरम पाणीच ओतायचं असतं.

वाटेत दर तासाला काही तरी तोंडात हवं. शेंगदाणा-गुळाचे लाडू कडक थंडीतही चावता येतात, चिक्की मात्र दगड होते. झोपण्याआधी एक मोठा लाडू खा. पचन चालू राहिलं की अंग गरम राहतं. चहाचा मसाला विसरू नका. खरकटं धुऊन फेकायचं नाही: भांड्यात थोडं गरम पाणी घालून खळखळवायचं आणि पिऊन टाकायचं. नाक मुरडणारे दुसऱ्या रात्री आपोआप पितात.

१८. हिवाळ्यात अस्वलं झोपलेली असतात ना?

अर्धवट. पार्कमध्ये सुमारे १,९०० काळी अस्वलं आहेत आणि ऊबदार दिवशी ती बाहेर पडतात. शिवाय उंदीर आणि खारी आहेतच. प्रत्येक शेल्टर आणि बॅककंट्री जागेवर तारा आणि कप्प्या लावलेल्या असतात. वासाचं सगळं पिशवीत घालून वर ओढायचं: मेतकूट, लोणचं, टूथपेस्ट, लिप बाम, कचरा. तार गोठली असेल तर दोनदा झटका द्या.

१९. मोबाइलला रेंज असते?

नाही असं समजा. काही माथ्यांवर क्षणभर येते, त्यावर योजना उभी राहत नाही. सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने मिळतं, एक घ्या. फोन एअरप्लेन मोडवर, रात्री बॅगेत. हेडलॅम्पला लिथियम सेल, साधे अल्कलाइन थंडीत पडतात.

आणि घरी कुणाला तरी लिहून द्या: कुठून निघणार, कोणत्या जागी राहणार, गाडीचा नंबर, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर पार्कला कळवायचं. हे काम पुण्यातल्या आईला देऊ नका. हिवाळ्यात भारत साडेदहा तास पुढे असतो; तुमची रविवारची संध्याकाळ म्हणजे तिची सोमवारची पहाट, आणि ती उगाच काळजीने जागी राहील. याच शहरातला मित्र धरा.

२०. रात्री तंबूबाहेर जायची वेळ आली तर?

जा. दाबून धरलं तर झोपही लागत नाही आणि थंडीही जास्त वाजते. रुंद तोंडाची, वेगळ्या रंगाची बाटली तंबूत ठेवणारे बरेच असतात. मोठ्या कामासाठी जागेपासून, वाटेपासून आणि पाण्यापासून किमान शंभर फूट दूर, सहा इंच खड्डा. जमीन गोठलेली असेल तर झाडाच्या दक्षिणेकडची मऊ माती शोधा. नुसत्या बर्फात पुरू नका, एप्रिलमध्ये ते सगळं वर येतं. सॅनिटरी पॅड, वाइप्स दुहेरी पिशवीत परत. रात्री ती पिशवीही तारेवर (प्रश्न १८).

२१. आठ वर्षांच्या मुलीला आणि भारतातून आलेल्या सासूबाईंना नेता येईल?

रात्री राहायला नाही. लहान अंग लवकर गारठतं, आणि आपल्याला थंडी वाजतेय हे मुलं उशिरा सांगतात. रस्ता उघडा असेल त्या दिवशी सगळ्यांना न्यूफाउंड गॅपला न्या, बर्फात खेळू द्या, आणि मुक्काम गॅटलिनबर्ग किंवा टाउनसेंडला. सासूबाईंना शुगरलँड्सचा पक्का, अर्ध्या मैलाचा नेचर ट्रेल झेपेल.

२२. परत फिरायचं कधी?

डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या आधी मावळतो, आणि दऱ्यांत त्याच्या बरंच आधी अंधारतं. दुपारी एकला अर्धी वाट झाली नसेल तर मागे. हा आकडा घरीच ठरवा आणि सगळ्यांना सांगून ठेवा, कारण वर गेल्यावर ‘अजून थोडंसंच’ म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो. कुणाचेही मोजे भिजले आणि कोरडे उरले नाहीत, तरी मागे.

२३. परवाना मिळाला नाही, किंवा कुत्रा न्यायचाय. दुसरीकडे कुठे?

स्मोकीत दोन छोट्या वाटा सोडल्या तर कुत्र्यांना बंदी आहे. नॅशनल फॉरेस्टमध्ये चालतात. रोन हायलँड्सला कार्व्हर्स गॅप (५,५१२ फूट) पासून ॲपलेशियन ट्रेल पकडा. बॅककंट्री परवाना नको, आणि एका बाजूला मैलोन्‌मैल उघड्या गवताळ माथ्यांवर पसरलेला बर्फ. दुसऱ्या बाजूला रोन हाय नॉब, संपूर्ण ट्रेलवरचं सर्वांत उंचावरचं शेल्टर, आणि याला चक्क चार भिंती आहेत. उघड्या माथ्यांवर वाऱ्याला अडवणारं काही नाही. धुक्यात वाटही दिसत नाही, तेव्हा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. व्हर्जिनियात माउंट रॉजर्स (५,७२९ फूट) आणि ग्रेसन हायलँड्स, तिथे बर्फात चरणारी जंगली तट्टं दिसतात. त्यांना खाऊ घालू नका. नॅशनल फॉरेस्टमध्ये शिकारीचा हंगाम हिवाळ्यातही असतो: भडक केशरी टोपी तुम्हाला आणि केशरी पट्टा कुत्र्याला.

२४. परवाना एका रात्रीचा आणि बर्फामुळे उतरताच येत नाही. दुसरी रात्र थांबलो तर नियमभंग होईल का?

थांबा. प्रश्न ६ मधला एका रात्रीचा नियम गर्दी आवरण्यासाठी आहे, अंधारात गोठलेल्या कड्यावरून तुम्हाला उतरवण्यासाठी नाही. सॅटेलाइटवरून घरच्या माणसाला कळवा, म्हणजे तो उगाच शोधपथक बोलावणार नाही. खाणं अर्ध्यावर आणा, गॅस पाणी उकळण्यापुरता ठेवा, सगळे जवळजवळ झोपा. यासाठीच दर सहलीला एका जेवणाचं सामान आणि अर्धा डबा गॅस जास्तीचा न्यायचा असतो. खाली आल्यावर रेंजरना जाऊन काय घडलं ते सांगा, आणि मगच गाडीवरचा बर्फ खरवडायला घ्या.